दसऱ्याआधी बॉनेटखालची साफसफाई: पाणी लागण्यापूर्वीची तयारी

दसऱ्याला गाडी बाहेरून लखलखते, हार चढतो, चाकांखाली लिंबं जातात. बॉनेटखाली मात्र अख्ख्या पावसाळ्याचा चिखल तसाच. तो काढायला नवरात्रातला रविवार धरा, दसऱ्याची सकाळ नको. काही बिघडलंच तर त्या दिवशी मेकॅनिक स्वतःच्या हत्यारांची पूजा करत बसलेला असतो. धुणं पंधरा-वीस मिनिटांचंच असतं. तासभर जातो तो आधीच्या तयारीत, आणि ती कुणालाच आवडत नाही.

गाडी आदल्या रात्रीपासून उभी हवी. तापलेल्या इंजिनवर गार पाणी पडलं तर धातू तडकू शकतो, शिवाय क्लीनर जागच्या जागी वाळून डाग धरतो. म्हणून सकाळी, सावलीत. नाल्याच्या तोंडाशी मात्र नको, कारण निथळणारं पाणी तेलकट असतं. खाली पुठ्ठे अंथरा, त्यावर सुतारकामाचा भुसा पसरा.

बॉनेट उघडल्यावर फडक्याला हात लावू नका. आधी टॉर्च मारून बघा, मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. सुकी धूळ निरुपद्रवी असते. बघायचा तो ओला, चकाकणारा, काळा थर. ऑइल वरून खाली ओघळतं, म्हणजे गळती बहुतेक त्या डागाच्या सगळ्यात वरच्या टोकाशी सापडते. आधीच धुऊन टाकलंत तर हा पुरावा गेला.

त्याच टॉर्चने उंदीर शोधा. लेंड्या, काथ्या, सीटचा फोम, बिस्किटांचे कागद दिसले तर वायरी एकेक तपासा. एखादी कुरतडलेली आढळली की आजची धुलाई रद्द, आधी इलेक्ट्रिशियन. लेंड्या सुक्या झाडू नका. मास्क आणि हातमोजे घालून, जंतुनाशक फवारून, ओल्या करूनच उचला. लेप्टोचे जंतू उंदराच्या मुतातून पसरतात, हे पावसाळ्यात दरवर्षी ऐकतोच आपण.

काचेच्या तळाशी, वायपरच्या जाळीखाली पाला साचतो. गाडी गुलमोहराखाली लागत असेल तर विचारूच नका. तो हातानेच काढा, पाण्याने आत ढकलू नका. तिथली निचऱ्याची भोकं बुजली की पाणी गाडीत हवा सोडणाऱ्या पंख्यापर्यंत पोचू शकतं.

आता बॅटरी. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवायची. आधी लाल सोडवायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते. लावताना उलट: लाल आधी, काळी शेवटी. घड्याळ आणि रेडिओची सेटिंग उडेल. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी हाताशी ठेवा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून टूथब्रशने घासा, पण बॅटरीला झाकणं असतील तर ती घट्ट आहेत ना, हे बघून. सोड्याचं पाणी आत जाता कामा नये.

मग बांधाबांध. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूजबॉक्स, इसीयू (इंजिनचा छोटा संगणक), एअर फिल्टरचं हवा ओढणारं तोंड आणि पेट्रोल गाडी असेल तर इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारी), हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबरबँडने झाका. धुतलेल्या दुधाच्या पिशव्या कॉइलवर अगदी मापात बसतात. किती बांधल्या ते मोजून लिहून ठेवा. एका वर्षी मी कॉइल झाकायचा कंटाळा केला. प्लगच्या खड्ड्यात पाणी उतरलं आणि गाडी दोन दिवस लंगडत चालली. ऑइलचं झाकण, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी), कूलंटचं म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं झाकण घट्ट आहे ना, तेही बघा. केशरी वेष्टनाच्या जाड वायरी दिसल्या तर गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक आहे, त्या उच्च दाबाच्या असतात; तिथे घरगुती धुलाई नको.

सामान फारसं नाही: पाण्यात मिसळणारं डीग्रीजर (तेलकटपणा काढणारं क्लीनर), रंगाचा एक इंची ब्रश, जुने टूथब्रश, चार मायक्रोफायबर फडकी, फवाऱ्याची बाटली. डीग्रीजर किती पातळ करायचं ते बाटलीवर वाचा, आणि आधी कोपऱ्यात लावून बघा. जहाल असेल तर ॲल्युमिनियमवर पांढरट डाग पडतात. रॉकेल किंवा पेट्रोलने पुसायची जुनी सवय सोडा, त्याने रबरी नळ्या फुगतात आणि आगीचा धोका वेगळाच. प्रेशर वॉशर तर मुळीच नको. तो कनेक्टरच्या सिलातून पाणी आत घुसवतो आणि रेडिएटरच्या नाजूक पात्या वाकवतो. फवाऱ्याचं पाणी आणि ओलं फडकं पुष्कळ झालं.

शेवटी सुकं फडकं आणि घरातला ब्लोअर. पिशव्या मोजून काढा, बॉनेट उघडं ठेवून तासभर वाळू द्या, बॅटरी जोडा, मग दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. काळ्या प्लॅस्टिकला चमक द्यायची हौस असेल तर पाण्यातलं ड्रेसिंग फडक्यावर घेऊन लावा. इंजिनच्या फिरत्या पट्ट्यावर थेंबही नको.

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर काळपट तपकिरी डाग असेल तर ते ऑइल, हिरवा किंवा गुलाबी असेल तर बहुधा कूलंट. डाग पडलाच तर पुठ्ठा आणि कालचे फोटो दोन्ही घेऊन मेकॅनिककडे जा.