साबणातला संत्र्याचा वास महिनाभरात उडतो? या चुका टाळा

मार्चमध्ये मी संत्र्याचा साबण केला. वड्या कापताना घरभर असा घमघमाट होता, की जिना चढणाऱ्या शेजारणीने दारातच विचारलं, "संत्री सोलताय का?" वड्या गच्चीलगतच्या खोलीत वाळत ठेवल्या आणि एप्रिलअखेरीस नाशिकरोडला बहिणीकडे घेऊन गेले. तिने एक नाकाशी धरली आणि म्हणाली, "यात कसला वास आहे गं?" मला फार वाईट वाटलं.

संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं सुगंधी द्रव्य असतं. त्याचे रेणू लहान आणि हलके असल्याने ते भराभर उडून जातात. लिंबू, ग्रेपफ्रूट यांच्या तेलांतही भरणा त्याचाच. म्हणून हे वास नाकात सर्वांत आधी येतात आणि जातातही सर्वांत आधी. पण त्यांना लवकर पळवून लावण्यात आपलाही हात असतो.

पहिली चूक म्हणजे वास टिकत नाही म्हणून तेल वाढवणं. एक किलो तेलांच्या साबणाला 30 ग्रॅम सुगंधी तेल पुष्कळ झालं. त्याचे 60 केलेत तरी जास्तीचं तेलही त्याच वाटेने उडून जातं, वडी मऊ पडते आणि नाजूक कातडीला झोंबते. थेंब मोजू नका, छोट्या काट्यावर वजन करा.

खरी गोम वेगळीच आहे आणि ती मला सासूबाईंनी दाखवली. दिवाळीच्या उटण्यात संत्र्याच्या वाळलेल्या सालीची पूड असतेच. एका वर्षी मी ती दुप्पट घेतली आणि बाकीचं कमी केलं. त्या म्हणाल्या, "अगं, नुसत्या सालीवर उटणं उभं राहतं का? नागरमोथा घाल, वाळा घाल, गव्हला कचरा घाल." उटण्याचा डबा पुढच्या वर्षी उघडला तरी दरवळतो तो या मुळ्या-कंदांमुळे. त्यांची सुगंधी द्रव्यं जड असतात आणि सावकाश उडतात. त्यांच्या सोबतीने हलका वासही बराच काळ रेंगाळतो.

साबणातही तेच करायचं. माझं 30 ग्रॅमचं मिश्रण असं: 18 ग्रॅम संत्र्याचं तेल, 7 ग्रॅम गवती चहाचं, 5 ग्रॅम नागरमोथ्याचं किंवा पचौली या सुवासिक पानांचं. वाळ्याचं तेल वापरलंत तर 2 ग्रॅम पुरे. ते महाग असतं आणि त्याचा वास बाकीच्यांवर कुरघोडी करतो. गवती चहा मधला दुवा आहे. त्यातलं सिट्राल हे द्रव्य लिंबासारखंच वासाला, पण लिमोनीनपेक्षा जड, म्हणून नाकाला ताजं लिंबू मिळत राहतं. संत्र्याचं 'टेनफोल्ड' तेल मिळालं तर तेच घ्या. त्यातलं बरंचसं लिमोनीन आधीच काढून टाकलेलं असतं, त्यामुळे वास दाट होतो आणि जास्त टिकतो.

ताजा रस घालण्याचा मोह टाळा. त्यातलं आम्ल तेलाचा साबण बनवणारा कॉस्टिक सोडाच खातं (10 ग्रॅम सायट्रिक ॲसिडला साधारण 6 ग्रॅम सोडा लागतो), मग साबण मऊ राहतो. वर रसातल्या साखरेने तो तपकिरी पडतो आणि वास तर येतच नाही. सालीची पूड रंगासाठी, खरखरीतपणासाठी घाला, सुगंधाची अपेक्षा तिच्याकडून नको.

दुसरा शत्रू उष्णता. मेल्ट अँड पोअर बेस (वितळवून साच्यात ओतायचा तयार साबण) गॅसवरून उतरवल्या उतरवल्या तेल ओतलं, तर निम्मा वास वाफेबरोबर स्वयंपाकघरात. बेस 55 अंशांच्या आसपास येऊ द्या, वर पातळ साय धरू लागली की तेल घाला आणि लगेच साच्यात ओता. कॉस्टिकच्या साबणाला साच्यात पांघरूण घालून गरम ठेवायची पद्धत आहे, पण लिंबूवर्गीय वासासाठी मी साचा सरळ फ्रीजमध्ये ठेवते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी गाठतो, त्या दिवसांत गच्चीजवळ वड्या वाळवणं म्हणजे वास हाताने उडवणं. घरातली सावलीची, हवेशीर खोली बघा. कॉस्टिकच्या साबणाच्या वड्या मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा दिवाळीचा साबण पितृपंधरवडा लागायच्या आत करून ठेवा. मुरल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात.

तेलाची बाटलीही नीट सांभाळावी लागते. गडद काचेची, छोटी, गच्च भरलेली आणि फ्रीजमध्ये. अर्धी रिकामी बाटली आतल्या हवेने खराब होत जाते. लिमोनीन थर्माकोलही विरघळवतं, त्यामुळे पातळ प्लॅस्टिकच्या डबीत किंवा रबरी ड्रॉपर लावून ते ठेवू नका. जुन्या तेलाला टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागला की अंगाला लागणाऱ्या कशातच ते घालू नये. हवा लागून बदललेल्या लिमोनीनमुळे त्वचेची ॲलर्जी होऊ शकते.

अंगाला चोळून तसंच राहू द्यायच्या तेलात आणखी एक काळजी. लिंबाचं आणि बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाचं साल दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलात, तर कातडी भाजल्यासारखी होते, डाग पडतात. गोड संत्र्याच्या तेलाने तसं होत नाही. धुऊन टाकायच्या साबणात हा धोका नाही.

आणि वास खरंच गेलाय का, ते आधी पाहा. रोज त्याच खोलीत वावरणाऱ्या नाकाला तो कळेनासा होतो, बाहेरून आलेल्याला विचारा. वडीचा वरचा थर आधी फिका पडतो. तो सुरीने खरवडून गरम पाण्यात फेस करा, आत वास असेल तर लगेच येतो. नसेल, तर वड्या किसून थोड्या पाण्यात मंद आचेवर मऊ करा, जरा निवल्यावर नवं मिश्रण घाला आणि पुन्हा साच्यात दाबा. बहिणीच्या वड्यांचं मी शेवटी हेच केलं, या वेळी नागरमोथा घालून.