टोनर पॅड चोळू नका, नुसता ठेवा

माझी स्किन म्हणजे कपाळ-नाक तेलकट, गाल कोरडे, जरा काही लावलं की लालबुंद आणि वर हनुवटीवर पुळ्या. कोरियन टोनर पॅड, म्हणजे टोनर या चेहऱ्याला लावायच्या पातळ द्रवात भिजवलेल्या चकत्या, घेताना डब्यामागची लिस्टच बघितली. सेंटेला म्हणजे आपली मंडूकपर्णी आणि ओलावा धरून ठेवणारं पॅन्थेनॉल हवं, सुगंध नको. सॅलिसिलिक अॅसिडवाले पॅड वेगळे बरं का, ते पुळ्यांसाठी ठीक पण चुरचुरणाऱ्या गालांवर नकोच.

आधी कानामागे लावून बघितलं, काही झालं नाही मग चेहऱ्यावर. गालांवर पॅड नुसता चिकटवायचा, पाचेक मिनिटं ठेवायचा आणि वाळायच्या आत काढायचा, वाळला की गाल ओढल्यासारखे होतात. खरखरीत बाजू फक्त नाकावर, तीही हलक्या हाताने अन् रोज नाही. वरून लगेच साधं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन.

लाली आणि आग खरंच उतरली. पुळ्या मात्र या पॅडने जात नाहीत, कोणी काहीही सांगो, त्यासाठी स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन अॅडापलीन हे पुळ्यांवरचं औषध चालू केलं, ते रात्री लावते तेव्हा पॅड सकाळीच. आणि डब्यात ओली बोटं घालू नका, चिमटा वापरा, झाकण घट्ट लावा.