अकाउंट अ‍ॅग्रिगेटर: कोड लिहिण्याआधी हे शब्द पक्के करा

बीकेसी किंवा अंधेरीतल्या एखाद्या फिनटेकमध्ये नव्याने रुजू झालात, की पहिल्याच मीटिंगमध्ये एफआयपी, एफआययू कानावर पडतं. एफआयपी (फायनान्शियल इन्फर्मेशन प्रोव्हायडर) म्हणजे ग्राहकाची आर्थिक माहिती देणारा, जसं ग्राहकाची बँक. एफआययू (फायनान्शियल इन्फर्मेशन यूजर) म्हणजे ती वापरणारा, जसं कर्ज देणारी कंपनी. मधला अकाउंट अ‍ॅग्रिगेटर म्हणजे ग्राहकाच्या संमतीने ही माहिती एकाकडून दुसऱ्याकडे पोचवणारी कंपनी. तो रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांखाली चालतो आणि नुसता निरोप्या असतो. माहिती कूटबद्ध होऊनच जाते, त्याला ती वाचता येत नाही.

खरा घोळ होतो तो संमतीच्या मुदतींत. 'डेटा रेंज' म्हणजे कोणत्या काळातले व्यवहार हवेत. 'कन्सेंट एक्स्पायरी' म्हणजे ते कधीपर्यंत मागता येतील. आणि 'डेटा लाइफ' म्हणजे आणलेली माहिती तुम्ही किती दिवस ठेवू शकता. समजा, दादरच्या एका दुकानदाराने मागच्या ६ महिन्यांच्या व्यवहारांसाठी वर्षभराची संमती दिली, पण डेटा लाइफ १ महिना आहे. मग संमती चालू असली तरी आणलेली प्रत महिन्याने पुसायलाच हवी. ही सोय डेटाबेसच्या रचनेतच करा, नंतर करू म्हणून ठेवू नका. कुणाच्या तरी घरखर्चाचा हिशेब असतो तो.

कन्सेंट हँडल आणि कन्सेंट आयडी एकच समजू नका. हँडल ही संमतीच्या विनंतीची ओळख, ती विनंती करताच मिळते; आयडी ही दिलेल्या संमतीची ओळख, ती ग्राहकाने होकार दिल्यावरच. दोन्हींसाठी वेगळे कॉलम ठेवा. ग्राहक संमती मध्येच मागे घेऊ शकतो, म्हणून दर वेळी माहिती मागवण्याआधी तिची स्थिती तपासा.