वर्गणीच्या पुढचं दान: वॉर्डाच्या कामात पैसे कसे लावायचे

इंदूरला आपल्या लोकांचा देणगीत हात सढळ आहे, पण पावती फाटते ती गणपतीची नाहीतर अन्नदानाची. नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात घरात शिरतं त्यासाठी कोण देतं? तर तिथे द्यायचं असेल तर आधी आपला वॉर्ड बघा, शहरात ८५ आहेत, आणि एकच प्रश्न धरा.

मग त्या प्रश्नावर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका, २००५ चा कायदा. फी दहा रुपये, उत्तर साधारण ३० दिवसांत यायला हवं. खर्च खरा पुढेच आहे, कागद आले की ते समजणारं माणूस लागतं, निवृत्त इंजिनिअर किंवा वकील, झेरॉक्स, हॉलचं भाडं, चहा, आणि वस्तीतल्या बायकांना येता येईल अशी वेळ (दुपारची चार वाजताची मीटिंग ठेवू नका बाबा, नळाला पाणी तेव्हाच येतं). संस्थेला देत असाल तर नुसतं "वह्या वाटा" म्हणू नका, एका कार्यकर्त्याचा दोन वर्षांचा पगार द्या, कारण पॉलिसी काही तीन महिन्यांत बदलत नाही.

८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सूट, आयकराच्या जुन्या रिजीममध्येच मिळते आणि २००० च्या वर कॅश दिली तर तीपण नाही, म्हणून यूपीआय किंवा चेकच. अमेरिकन पासपोर्टवाल्या भाच्याचे पैसे घ्यायचे तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची परवानगी, आहे का ते आधी विचारा. आणि पार्टीच्या प्रचारात हा पैसा अजिबात नको, नगरसेवकाला मीटिंगला बोलवा, त्याचं बॅनर नको.