जलाशयातील मासेमारीची होडी: बॅटरी, वायरिंग, सोनार आणि गळाचे सामान

मासेमारीसाठी होडी तयार करताना बहुतेक जण मासे दाखवणाऱ्या सोनारच्या पडद्यापासून खरेदीला सुरुवात करतात, त्यात निम्मा पैसा संपतो, आणि बॅटरीची पाळी येते तेव्हा घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी होडीत ठेवून वेळ मारून नेली जाते. हा क्रम उलटा असावा, असा माझा आग्रह आहे. होडीवरचे प्रत्येक उपकरण बॅटरीच्या जिवावर चालते, आणि धरणाच्या मध्यावर वारा सुटलेला असताना बॅटरी उतरली, तर कितीही महागाचा पडदा आपल्याला काठाला लावत नाही. म्हणून पुढे विजेविषयी सविस्तर लिहिले आहे आणि गळाच्या सामानाविषयी थोडक्यात.

हे तंत्र मुळात अमेरिकेतील बास या माशाच्या मासेमारीसाठी वाढले. तिकडच्या बास बोटी १८ ते २१ फुटांच्या असतात; मागे मोठे पेट्रोल इंजिन आणि पुढे नाळेवर २४ किंवा ३६ व्होल्टची विद्युत मोटर, अशी त्यांची रचना असते. मराठवाड्यात बास नाही आणि तेवढ्या होडीची गरजही नाही. मात्र येलदरी, माजलगाव, मांजरा, ईसापूर किंवा पैठणचा नाथसागर ही सारी पाणी अडवून झालेली धरणे आहेत. त्यांच्या तळाशी जुनी शिवारे, बांध, विहिरी आणि नदीचे मूळ पात्र आहे, आणि मासा याच खाणाखुणांच्या आधाराने राहतो. त्यामुळे १४ फुटी फायबरच्या होडीवर १२ व्होल्टची साधी मांडणी केली, तरी तत्त्वे तीच लागू पडतात.

खरेदीपूर्वी एक काम करावे. आपल्याकडे धरणांतील मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने दिला जातो आणि तो बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली संस्थेनेच पाण्यात सोडलेली असते. त्या माशांवर भोई समाजातील अनेक घरांचे पोट चालते. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना भेटून, त्यांची परवानगी घेऊन आणि जाळी कोठे लावलेली असतात हे विचारूनच होडी पाण्यात घालावी. नाथसागराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती म्हणजे तेथे १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. त्या हद्दीत मोटर लावलेली होडी नेण्याआधी वन विभागाकडे विचारणा करणे आवश्यक आहे.

आता वजन. होडी, दोन माणसे, बॅटरी व सामान मिळून जेवढे वजन होईल, त्याच्या किमान २ टक्के जोराची मोटर लागते, असा साधा हिशेब आहे. एकूण वजन ४०० किलो असेल, तर ८ किलो जोर पुरतो. पण हा हिशेब संथ पाण्याचा आहे, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर नाथसागरासारख्या मोकळ्या पाण्यावर वारा उठला की तो कोलमडतो. म्हणून ५५ पौंडांची, म्हणजे सुमारे २५ किलो जोराची मोटर घ्यावी. अशी १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर विद्युतप्रवाह ओढते, आणि पुढची सगळी मांडणी या एका आकड्यावर उभी राहते. पाच टप्प्यांच्या वेगाऐवजी अखंड फिरणाऱ्या नियंत्रकाची मोटर मिळाली तर थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्यावी, कारण पाच टप्प्यांच्या मोटरीत कमी वेगातही बरीच वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

बॅटरी निवडताना दिवसभराचा खर्च कागदावर मांडावा. मोटर बहुतेक वेळ मंद वेगात चालेल असे गृहीत धरून सरासरी १५ अँपिअर घेतले आणि ती चार तास चालली, तर ६० अँपिअर-तास होतात. सोनार एक अँपिअरच्या आसपास ओढतो, त्याचे सहा तासांचे सहा. म्हणजे दिवसाला ६६ अँपिअर-तास. शिसे-आम्लाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते; म्हणून तिच्यातील ५० अँपिअर-तासच आपले समजावेत, म्हणजे दिवसाच्या ६६ साठी अशी एक बॅटरी पुरत नाही, दोन लागतात. शिवाय बॅटरीवर छापलेली क्षमता २० तासांत सावकाश वापरल्यावर मिळणारी असते. ५० अँपिअरचा भार टाकला, तर शिसे-आम्लाची बॅटरी दोन तास न चालता त्याच्या बरीच आधी मान टाकते.

मोटारगाडीची बॅटरी या कामाला मुळीच घेऊ नये. तिच्या पातळ पट्ट्या इंजिनाला क्षणभर जोराचा धक्का देण्यासाठी बनवलेल्या असतात आणि वारंवार खोलवर उतरवल्यास काही महिन्यांत निकामी होतात. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी खोल वापर सहन करते, पण तिचे वजन ५० किलोच्या वर जाते आणि हिंदकळणाऱ्या होडीत तिच्यातील आम्ल सांडण्याची भीती असते. शिसे-आम्लाचीच घ्यायची असेल, तर ई-रिक्षासाठी मिळणारी १०० अँपिअर-तासांची बॅटरी बरी. ती छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातुरात सहज मिळते.

परवडत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारची १२.८ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. तिचे वजन १२ किलोच्या आसपास असते, तिच्यातील ८० टक्के वीज निर्धास्तपणे वापरता येते, आणि शेवटपर्यंत व्होल्ट जवळजवळ स्थिर राहत असल्याने मोटरीचा जोर संध्याकाळीही कमी होत नाही. मात्र आतील नियंत्रक मंडळ, म्हणजे बीएमएस, किती अँपिअर सतत सोसते ते विक्रेत्याला विचारावे. ते ५० अँपिअरचे असेल, तर वाऱ्याविरुद्ध पूर्ण वेग देताच बॅटरी स्वतःला बंद करून घेईल. १०० अँपिअरचे असावे. बाजारात कमी क्षमतेच्या बॅटरीवर मोठा आकडा चिकटवलेला आढळतो, म्हणून घरी आणल्यावर ती पूर्ण भरून तिच्यावर मोटारगाडीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन बल्ब लावून ठेवावेत. खरोखर १०० अँपिअर-तासांची बॅटरी ते बल्ब सुमारे १० तास पेटते ठेवते. सहाव्या तासाला अंधार झाला, तर बॅटरी परत करावी. चार्जरही लिथियमसाठीचाच लागतो. इन्व्हर्टरचा चार्जर लावू नये.

सोनारला मोटरीच्या बॅटरीवरून वीज देऊ नये. मोटरीच्या नियंत्रकामुळे वायरीत गोंगाट निर्माण होतो आणि पडद्यावर उभ्या रेषा व ठिपके दिसू लागतात, जे नवख्याला मासेच वाटतात. सोनारसाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवावी. संगणकाच्या यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी चार-पाच तासांच्या फेरीला पुरते, आणि मोठ्या बॅटरीने दगा दिला तरी खोली व परतीची दिशा दाखवणारे जीपीएस चालू राहते.

वायरिंगमध्ये काटकसर करणे सर्वांत धोक्याचे. बॅटरी मागे आणि मोटर पुढे ठेवली, तर जाऊन-येऊन सहा मीटर तांब्याची वायर लागते. ही वायर ६ चौरस मिलिमीटर जाडीची घेतली, तर ५० अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट वायरीतच खर्च होतात आणि वायर हाताला गरम लागते. १६ चौरस मिलिमीटरची घेतली, तर ही गळती ०.३ व्होल्टवर येते. म्हणून १६ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची लवचीक तांब्याची वायर वापरावी. लिथियमची हलकी बॅटरी असेल, तर ती पुढच्या फळीखालीच ठेवता येते आणि वायर निम्म्याने कमी होते. मात्र ती पट्ट्याने घट्ट बांधावी आणि होडी एका बाजूला झुकत नाही ना, हे काठाजवळच पाहून घ्यावे.

वायरीच्या टोकाला तांब्याचा लग, म्हणजे जोडणीची कडी, बसवताना तो पक्कडीने चेपू नये. मोठ्या बॅटरीचे काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीनवर दाबून घ्यावा, जोरात ओढून पाहावा आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. पहिल्या दिवशी मोटर दहा मिनिटे पूर्ण वेगात चालवून बंद केल्यावर लगेच प्रत्येक जोडाला बोट लावून पाहावे. सगळे जोड सारखेच कोमट असतील तर काम चांगले झाले; एखादाच चटका देत असेल, तर तो जोड पुन्हा करावा.

बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभराच्या आत ६० अँपिअरचा ब्रेकर हवा, म्हणजे वायर कोठेही घासून उघडी पडली तरी आग लागण्याआधी प्रवाह तुटेल. घरातील एमसीबी येथे चालत नाही. घरातील एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे उघडणाऱ्या संपर्कांमधील ठिणगी आपोआप विझते; बॅटरीचा डीसी प्रवाह अखंड असल्याने ती ठिणगी तशीच जळत राहते. सौर पंपाचे सामान विकणाऱ्या दुकानांत डीसीसाठीचे ब्रेकर मिळतात. कमी व्होल्टला चालणारा आणि योग्य अँपिअरचा पाहून घ्यावा. सोनारच्या वायरीवर तीन अँपिअरचा वेगळा फ्यूज पुरेसा आहे.

आता सोनार. त्याचा ट्रान्सड्यूसर पाण्यात ध्वनीचा ठोका सोडतो आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळेवरून खोली काढतो. गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे १० मीटर खोलीचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाच्या आसपास परत येतो. हा ध्वनी शंकूसारखा पसरतो. २०० किलोहर्ट्झला शंकू साधारण २० अंशांचा असतो आणि त्याची रुंदी खोलीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते. ९ मीटर पाण्यात तळाचा तीन मीटर भागच आपण पाहत असतो. पडद्यावर माशाची कमान दिसते ती याच कारणाने: मासा शंकूच्या कडेला शिरतो तेव्हा तिरप्या रेषेत दूर असतो, मध्यावर जवळ येतो आणि पुन्हा दूर जातो. माशाची तयार चित्रे दाखवणारी सोय बंद करावी, कारण बुडालेल्या बाभळीच्या फांदीवरही ती मासाच काढते.

ट्रान्सड्यूसर होडीच्या मागच्या फळीवर, पंख्यापासून दीड फूट तरी दूर आणि बुडबुडे येणार नाहीत अशा ठिकाणी, त्याचा तळ पाण्याच्या पातळीला समांतर ठेवून बसवावा. भरीव फायबरच्या होडीत तो आतूनही चिकटवता येतो, पण मध्ये थर्माकोल किंवा हवेचा पोकळ थर असेल तर ध्वनी पुढे जात नाही. त्याची उरलेली वायर कापू नये; गुंडाळून बांधून ठेवावी.

पडदा वाचण्याची सवय ओळखीच्या पाण्यावर लावावी. खडक किंवा मुरमाचा तळ उजळ, ठळक रेषेत दिसतो आणि त्याच्या दुप्पट खोलीवर पुसटसा दुसरा प्रतिध्वनी येतो. गाळाचा तळ फिकट असतो आणि दुसरा प्रतिध्वनी दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी हटल्यावर शेतकरी उघड्या जमिनीवर गाळपेर करतात. त्या दिवसांत काठाने चालत जाऊन बांध, विहिरीचे कठडे आणि झाडांची खोडे यांच्या जागा मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवून ठेवाव्यात. पावसाळ्यानंतर हीच जागा पाण्याखाली जाते आणि आपल्याकडे तिचा नकाशा असतो. प्रत्येक नोंदीबरोबर त्या दिवशीची धरणाची पाणीपातळी लिहावी, कारण नुसत्या खोलीचा आकडा दोन महिन्यांत निरुपयोगी ठरतो. याच नोंदींत शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटारींचे पाइप आणि केबलही टिपाव्यात व त्यांच्यापासून होडी दूर ठेवावी.

गळाचे सामान थोडे असावे. मरळ हा हवेतून श्वास घेणारा मासा. तो बेशरमीच्या झुडपांत, पाणकणसात आणि जलपर्णीच्या कडेला दबा धरून बसतो, आणि अमेरिकेतील बासशी त्याचे साम्य येथेच आहे. त्याच्यासाठी सात फुटांचा दणकट रॉड, ४० पौंडांचा विणलेला दोरा आणि शेवाळात न अडकणारा रबरी बेडूक पुरे. पावसाळ्यात मरळीची जोडी आपल्या तांबूस पिलांच्या थव्याची राखण करते. तो थवा पृष्ठभागावर दिसला, तर तेथे आमिष टाकू नये, कारण पालक उचलले की सगळी पिले इतरांच्या तोंडी जातात. नदीच्या जुन्या पात्रातील शिंगाळ्यासाठी तळाजवळून ओढायचा चमचा (धातूचे चकाकते आमिष) किंवा जिग (डोक्याशी वजन असलेला आमिषाचा गळ), आणि रोहू-मृगळासाठी ०.३५ मिलिमीटरचा तंगूस, शिशाचे वजन, साधा गळ व शेंगदाण्याच्या पेंडीत मळलेली कणीक घ्यावी. त्रिशूळ गळांचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट करावेत, म्हणजे लहान मासा इजा न होता सोडता येतो आणि बोटात रुतलेला गळही निघतो. हाताचे जाळे, लांब पक्कड आणि दोरा कापायची कात्री हाताशी टांगलेली असावी. होडीवरील प्रत्येकाने लाइफ जॅकेट अंगात घालावे, आणि मोटर बंद पडल्यास उपयोगी पडणारे वल्हे न विसरता न्यावे.

परतल्यावर शिसे-आम्लाची बॅटरी त्याच रात्री हवेशीर जागी चार्जिंगला लावावी, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. १० अँपिअरच्या चार्जरला पूर्ण रात्र लागते, म्हणून गावात वीज कोणत्या वेळेला असते ते पाहून नियोजन करावे. होडी काही महिने बंद राहणार असेल, तर शिसे-आम्लाची बॅटरी दर महिन्याला भरावी, आणि लिथियमची निम्मी भरून, वायरी सोडवून, पत्र्याच्या शेडऐवजी घरातील थंड खोलीत ठेवावी.