बोट कापलं? मग सूज वाचायला शिका, एक बॉलपेन पुरतो

द्राक्षाची गोडी छाटणी सुरू झाली की आमच्या निफाड-पिंपळगाव पट्ट्यात घरटी एकाच्या तरी बोटाला चिंधी दिसतेच. डाव्या हातात काडी, उजव्यात कात्री, आणि दुपारी हात दमला की कात्री सटकते. मागच्या छाटणीत माझी तर्जनी कापली, फार खोल नाही, पण रात्री बोट असं ठणकत होतं की झोप नाही, आणि सगळे म्हणायला लागले "सूज आली म्हणजे बिघडलं". बहुतेक वेळा तसं नसतं, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली बोट धरा, साबणाने माती नीट काढा, मग स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं दाबून ठेवा, मधेमधे उघडून बघू नका. आई लगेच म्हणाली "अरे हळद भर त्यात". मी नको म्हटलं. डब्यातली हळद काही निर्जंतुक नसते, आणि पिवळ्या रंगाखाली लाली दिसतच नाही, आपल्याला तर पुढचे दोन-तीन दिवस तीच बघायचीय. मातीत काम करणाऱ्याने धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवावं, पाच वर्षं उलटून गेली असतील तर दवाखान्यात जाऊन घ्यावं.

आता बॉलपेन घ्या. लाली जिथं संपते तिथून तिच्याभोवती रेघ मारा आणि बाजूला वेळ लिहा, रात्रीचे आठ तर आठ. एवढंच. पण ती रेघ बघताना आत काय चाललंय ते माहीत असलं की घाबरायला होत नाही.

पेशींना तोंड नाही, कान नाहीत, त्या एकमेकींशी बोलतात ते रसायनं सोडून. ज्या पेशीवर त्या रसायनाला बसेल असा रिसेप्टर आहे तिलाच निरोप कळतो, कुलपाला किल्ली लागावी तसं, बाकीच्यांना पत्ताच नाही. कापल्याबरोबर कातडीखालच्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, काही मिनिटांतच जवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, जास्त रक्त आलं म्हणून बोट लाल आणि गरम. त्याच वाहिन्यांच्या भिंती थोड्या सैल होतात, पाणी बाहेर झिरपतं, ती सूज. मग प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तिथल्या नसा हळव्या करतात, म्हणून साधा चादरीचा धक्काही लागतो. दुसरीकडे सायटोकाइन नावाची निरोपाची रसायनं रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला निरोप देतात, ती चिकट होते, आणि रक्तासोबत वाहत चाललेल्या पांढऱ्या पेशी तिथं अडकतात, गडगडत थांबतात आणि भिंतीतून पिळून बाहेर येतात. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल, एक-दोन दिवसांनी मॅक्रोफेज. पहिल्या जंतू गिळतात, दुसऱ्या जंतूंसोबत मेलेल्या न्यूट्रोफिलसुद्धा उचलून साफसफाई करतात. मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की काम झाल्यावर "आता थांबा" असे निरोपही पेशीच सोडतात, सूज आपोआप विरत नाही, ती उतरवली जाते.

पेशी अशा धावून येतात त्या शरीर राखायला, हे ओळखलं मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने, 1882 साली, इटलीतल्या सिसिली बेटावरच्या मेसिना गावी. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात त्याने बागेतला काटा खुपसला आणि सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा. 1908 ला त्याला नोबेल मिळालं.

दुखतंय म्हणून गोळी घ्यायची का? अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनणंच अडवते, हे जॉन वेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1971 मध्ये दाखवलं. पण छाटणीचा काळ आपल्याकडे डेंग्यूचाही असतो, अंगात ताप असेल तर अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. हात उशीवर उंच ठेवा, पाणी खाली उतरतं आणि ठणका कमी होतो, मला तरी त्यानेच झोप लागली.

सकाळ-संध्याकाळ रेघ बघा. पहिले एक-दोन दिवस लाली रेघेपर्यंत किंवा जराशी पुढे गेली तर चालतं. पण रेघ ओलांडून ती झपाट्याने पसरतेय, पू येतोय, ताप भरलाय, मनगटाकडे लाल पट्टा चढतोय किंवा काखेत गाठ दुखतेय, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, "छाटणी उरकली की बघू" हे नको. बोट वाकवता येत नसेल, कापलेलं खोल असेल किंवा बोट बधिर वाटत असेल तर रेघेची वाटसुद्धा बघू नका. शुगर असलेल्यांनी तर पहिल्या दिवशीच दाखवावं, त्यांची जखम भरायला वेळ लागतो आणि दुखणं कधी कधी जाणवतच नाही.

माझी लाली तिसऱ्या दिवशी रेघेच्या आत सरकली, पाचव्या दिवशी खाज सुटायला लागली. खपली ओढू नका, खालची नवी कातडी अजून कच्ची असते. आणि डोळे फुटावेत म्हणून काडीला रासायनिक पेस्ट लावायचं काम असेल तर जखम बुजेपर्यंत ते दुसऱ्याला द्या, ती पेस्ट धड कातडीलाही भाजते.