मुंबईत कॉम्पॅक्ट एसयूव्ही चालवताना या चुका टाळा

गाडी उंच दिसते म्हणून ती जीपसारखी वापरायची, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. या वर्गातल्या बहुतेक गाड्या हॅचबॅकच्याच प्लॅटफॉर्मवर बांधलेल्या असतात आणि ओढतात फक्त पुढची चाकं.

जुलैत हिंदमाता किंवा अंधेरी सबवेत पाणी भरलं की ही चूक हमखास होते. १९०-२०० मिमी ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे पोटाखालचं अंतर. पाण्यातून किती जाता येईल याचा तो आकडा नव्हे. एअर इनटेकचं, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या नळीचं, तोंड बहुधा ग्रिलच्या मागेच असतं, आणि शेजारून बेस्टची बस गेली की तिच्या लाटेचं पाणी तिथवर पोचू शकतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे इंजिनच्या सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अर्ध्या चाकाच्या वर पाणी दिसलं तर मागे वळा. आत असताना गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या. बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलं असेल तर त्याच्याही अटी पावसाआधीच वाचा. पाण्यातून बाहेर पडल्यावर हळू चालत ब्रेक दोन-चारदा हलके दाबून वाळवा.

ट्रॅफिकमध्ये ड्राय क्लचच्या (तेलात न बुडालेल्या क्लचच्या) डीसीटीवाल्यांनी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्यांनी, विशेष जपावं. पुढची गाडी हातभर सरकली की आपणही सरकायचं, असं केलं की क्लच अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. एक-दीड गाडीची जागा होऊ द्या, मग एकदम पुढे जा. फ्लायओव्हरच्या चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच आपोआप बदलणारी गाडी, मागे घसरू शकते, तिथे हँडब्रेक लावा.

डिझेलचं गणित वेगळं. रोज दादर ते बीकेसी एवढंच अंतर असेल तर बीएस-६ गाडीच्या डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जळतच नाही. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की ईस्टर्न फ्रीवेसारख्या मोकळ्या रस्त्यावर ६०च्या आसपास १५-२० मिनिटं सलग चालवा. काजळी जळण्याची ही सफाई अर्ध्यावर तोडून इंजिन वारंवार बंद केलं तर डिझेल ऑइलमध्ये मिसळतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. शहरापुरतीच गाडी हवी असेल तर आमचा स्पष्ट सल्ला: पेट्रोल घ्या.

टायरमध्ये हवा पंपवाल्याच्या अंदाजाने नको. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, आणि तो थंड टायरचा. जास्त हवेने पेव्हर ब्लॉकवर गाडी उडते आणि ब्रेकची पकडही कमी होते. दिसायला छान म्हणून मोठी अलॉय बसवली तर टायरची भिंत बुटकी होते, खड्ड्यात रिम वाकते.

बोरघाटात गाडीची उंची आड येते, ती वळणावर जास्त कलते. वेग वळणाआधी कमी करा, वळणात नाही. खोपोलीकडे उतरताना दुसरा-तिसरा गिअर धरून इंजिनला रोखू द्या. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड. ब्रेकचा जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून डिस्क आपोआप निवू द्या, वर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क त्याने वेडीवाकडी होऊ शकते आणि मग ब्रेक दाबला की पेडल थरथरतं.